वंशसंहाराचा इतिहास आणि आपले १९४८ साल

(संस्थेच्या वार्षिक समारंभात बदनापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा दिवस बक्षिसांचा आणि आनंदाचा. अशा दिवशी कत्तलींविषयी बोलू नये, असे कोणीही म्हणेल. चिटणीस साहेबांनी विषय माझ्यावर सोपविला तेव्हा मीही शिक्षणप्रसारावर चार शब्द बोलावेत असेच ठरविले होते. पण एका मुलाच्या जुन्या प्रश्नाने तो बेत मोडला. मी नोकरीत असतानाची गोष्ट. सतरा सप्टेंबर होता. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन आटोपून आम्ही वर्गात आलो होतो. भाषणांत रझाकारांच्या अत्याचारांचे वर्णन झाले होते. नववीतला एक मुलगा, अभ्यासात मध्यम, एरवी तोंड न उघडणारा, उभा राहिला आणि म्हणाला, "सर, त्या वेळी आपण कोणत्या बाजूला होतो?"

'आपण' या शब्दावर त्याने मुद्दाम जोर दिला नव्हता, तरी साऱ्या वर्गाची नजर माझ्याकडे वळली. मी म्हणालो, "बस खाली, उद्या सांगतो." इतिहासाचा शिक्षक असून तो उद्या मी कधी येऊ दिला नाही. त्या मुलाचे माझ्यावर एक उत्तर देणे आहे. ते आज फेडण्याचा प्रयत्न करतो.

या प्रश्नाचे उत्तर एकदम मराठवाड्यातच शोधायला गेले, तर माणूस एक तर रागावतो, नाही तर रडतो. दोन्ही अवस्थांत विचार होत नाही. म्हणून आधी थोडे लांबून जाऊ आणि मग घरी येऊ.

शब्द कसा आला

माणसे हजारो वर्षे एकमेकांच्या वस्त्या उठवीत आली आहेत, पण या कृत्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९४४ मध्ये. राफाएल लेम्किन नावाच्या पोलंडमधील यहुदी वकिलाने ग्रीक भाषेतील 'जेनोस' म्हणजे वंश, आणि लॅटिनमधील हत्येचा अर्थ देणारा प्रत्यय, यांची सांगड घालून 'जेनोसाइड' हा शब्द बनविला. मराठीत आपण त्याला वंशसंहार म्हणतो.

या शब्दामागे एक प्रश्न आहे, आणि तोही एका विद्यार्थ्याचा आहे. १९२१ मध्ये बर्लिन शहरात एका आर्मेनियन तरुणाने तलत पाशा यांना गोळी घालून ठार केले. हे तलत पाशा म्हणजे १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांच्या जो संहार झाला, त्याला जबाबदार धरले गेलेले उस्मानी मंत्री. तरुणावर खटला चालला. त्या सुमारास शिकत असलेल्या लेम्किनला प्रश्न पडला, की एक माणूस मारणाऱ्यावर खटला होतो, मग लाखोंना मारणाऱ्यावर का होत नाही? त्या काळच्या कायद्याचे उत्तर असे होते, की राज्यकर्ता आपल्या प्रजेचे काय करतो हा त्याचा घरचा मामला आहे. लेम्किनला हे पटले नाही. पुढे नाझींनी त्याच्या आईवडिलांसह बहुतेक सारे नातलग मारले. तो स्वतः अमेरिकेत पोहोचला होता. तेथून त्याने देशोदेशींच्या प्रतिनिधींच्या पायऱ्या झिजविल्या आणि अखेर ९ डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. भारताने २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्याला मान्यता दिली. मुलांनो, ही ९ डिसेंबर १९४८ तारीख लक्षात ठेवा. तिचे आपल्याकडे काम आहे.

या कराराप्रमाणे एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह, समूह म्हणून, पूर्णतः अथवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार. त्यात केवळ ठार मारणे येत नाही. गंभीर शारीरिक व मानसिक इजा करणे, जगणे अशक्य होईल अशी परिस्थिती लादणे, मुले जन्मू न देणे आणि जन्मलेली मुले हिरावून दुसऱ्यांकडे देणे, हेही येते. लेम्किनला आणखी एक गोष्ट घालावयाची होती. एखाद्या समाजाची ग्रंथालये, भाषा, प्रार्थनास्थळे नष्ट करणे हाही त्या समाजाचा संहारच, असे त्याचे म्हणणे होते. मसुद्यातून ते कलम वगळले गेले. पण १९९२ च्या ऑगस्टमध्ये बोस्नियातील साराजेव्हो शहराचे राष्ट्रीय ग्रंथालय तोफा डागून जाळण्यात आले, आणि तीन वर्षांनी, जुलै १९९५ मध्ये, त्याच देशातील स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुसलमान पुरुष व मुलगे मारले गेले. हा संहार वंशसंहारच होता, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये दिला. आधी पुस्तके जळतात, मग माणसे, हा क्रम शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी विसरू नये.

जुन्या राजांची मोजदाद

गुन्ह्याला नाव नवे मिळाले, तरी गुन्हा जुनाच आहे. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये लोकशाहीचे माहेरघर म्हणविणाऱ्या अथेन्सने मेलोस नावाच्या लहान बेटाला शरण येण्यास फर्मावले. बेट पडल्यावर तेथील प्रौढ पुरुष ठार केले आणि बायकामुले गुलाम म्हणून विकली. पुढच्याच वर्षी अथेन्सच्या रंगभूमीवर युरिपिडीसने पराभूत ट्रॉय नगरीच्या विधवांचे नाटक आणले. जेत्यांच्या गावात, जेत्यांच्या समोर, जितांच्या बायकांचे दुःख उभे राहिले. संहार जितका जुना आहे, तितकीच त्याविरुद्ध बोलण्याची रीतही जुनी आहे.

असिरियाचे राजे किती गावे जाळली, किती माणसांची कातडी सोलली, हे मोठ्या अभिमानाने दगडावर कोरून ठेवीत. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद लुटले, खलिफाला मारले, ग्रंथ नष्ट केले. त्या बगदादसाठी शेख सादींनी शोकगीते लिहिली. हे आपण आपल्या मुलांना सांगतो, आणि सांगावेच. पण १५६८ मध्ये चितोडचा किल्ला पडल्यावर अकबराच्या हुकुमाने आतल्या रयतेची कत्तल झाली, तिचा आकडा अबुल फजलने सुमारे तीस हजार दिला आहे, हेही सांगितले पाहिजे. पुढे सर्व धर्मांच्या विद्वानांना एका दालनात बसविणारा बादशहा तोच. आणि १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपल्या बखरींत ती मोहीम आहे. बंगालमध्ये मात्र मुलाला झोपविताना म्हणावयाच्या अंगाईत ते बारगीर येतात. एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या पाळण्यातली भीती झालेला असतो.

या सगळ्यांत वेगळा उभा राहतो तो अशोक. कलिंगच्या युद्धानंतर त्याने आपल्या तेराव्या शिलालेखात मोजदाद दिली: दीड लाख लोक देशोधडीला लावले, एक लाख रणात पडले, आणि त्याच्या कित्येक पट इतर कारणांनी मेले. फुशारकी म्हणून नव्हे, पश्चात्ताप म्हणून. जगाच्या इतिहासात जिंकलेल्या राजाने असे लिहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र यातही एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हा लेख गिरनारला आहे, शहाबाजगढीला आहे, आंध्रातील एर्रागुडीला आहे. पण प्रत्यक्ष कलिंग देशात, म्हणजे धौली आणि जौगड येथे, इतर लेख कोरले असूनही हा तेरावा लेख नाही. ज्यांचे लोक मेले, त्यांच्यासमोर तो आकडा मांडणे अशोकासारख्यालाही जमले नाही, किंवा त्याने टाळले. जेथे घडले तेथेच बोलायचे नाही, ही सवय किती जुनी आहे ते पाहा.

जुन्या आणि नव्या काळात मला एक फरक दिसतो. जुना राजा संहार करी आणि मिरवी. नवे राज्य संहार करते आणि लपविते. १९०४ मध्ये आजच्या नामिबियात जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरो लोकांना नष्ट करण्याचा लेखी हुकूम काढला. जर्मनीने त्याला वंशसंहार म्हणण्यास २०२१ साल उजाडले. नाझींनी साठ लाख यहुदी मारले, पण कागदोपत्री शब्द वापरला तो 'अंतिम तोडगा'. लपविण्याची ही गरज निर्माण झाली, यातच एक आशाही आहे. माणसाला आता या गोष्टीची लाज वाटू लागली आहे.

एकाचा गुन्हा, सगळ्यांना शिक्षा

संहाराची सुरुवात तलवारीने होत नाही, ती बोलण्याने होते. आधी शेजाऱ्याचे नाव पुसले जाते. तो अमुक सुतार, तमुक विणकर राहत नाही, नुसता 'त्यांच्यातला' होतो. मग त्या 'त्यांना' किडामुंगीची नावे दिली जातात. १९९४ मध्ये रवांडा देशात रेडिओवरून तुत्सी लोकांना झुरळे म्हटले जात होते. बेल्जियमच्या राजवटीत ओळखपत्रावर जमात लिहिण्याची पद्धत पडली होती. रस्त्यावर ते कार्ड पाहून माणसे वेगळी काढली गेली, आणि सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास लोक मारले गेले.

उलट आपल्या कोकणात पाहा. बेने इस्राएल यहुदी शेकडो वर्षे अलिबागच्या बाजूच्या गावांत राहिले. गावाने त्यांना नाव दिले ते 'शनिवार तेली'. तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, एवढाच त्याचा अर्थ. त्यांचे वेगळेपण गावाने पाहिले, त्याला नाव दिले, आणि तेथेच थांबले. त्यांची आडनावे गावांवरून पडली, भाषा मराठी झाली. युरोपात त्यांच्या धर्मबंधूंचे काय चालले होते, याची तुलना केली म्हणजे या साध्या नावाची किंमत कळते.

बोलण्यानंतर दुसरी पायरी येते. समूहातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याचा हिशेब सगळ्यांकडून मागितला जातो. इतिहासातल्या बहुतेक संहारांच्या मुळाशी हा चुकीचा हिशेब आहे. कुरआन शरीफने एका निरपराध जिवाच्या हत्येला साऱ्या माणुसकीच्या हत्येचे वजन दिले आहे. न्याय हा एकेका जिवाचा असतो, टोळीचा नसतो, हाच त्याचा आशय मी समजतो. आणि आता आपण घरी आलो आहोत, कारण १९४८ या एका वर्षात हा चुकीचा हिशेब मराठी मुलखात तीन वेळा मांडला गेला.

एका वर्षात तीन वेळा

पहिली वेळ. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा ब्राह्मण होता. त्यानंतरच्या दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. ज्यांनी गोडशाचे नावही ऐकले नव्हते, त्यांनी शिक्षा भोगली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही कादंबरी याच दिवसांवर आहे.

दुसरी वेळ. हैदराबाद संस्थानात आपला हा मराठवाडा होता. बदनापूर, जालना हे तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात. संस्थानात मुसलमान सुमारे तेरा टक्के. प्रजा भारतात सामील होऊ इच्छित होती, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, आणि निजाम टाळाटाळ करीत होता. अशा वेळी लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाती इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रे आली आणि रझाकारांनी धुमाकूळ घातला. कोणी एक तरुण स्टेट काँग्रेसला मिळाला की त्याच्या गावाला शिक्षा. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे आणि ऑगस्टमध्ये तेलंगणातील बैरानपल्ली येथे सामूहिक कत्तली झाल्या. मराठवाड्यातली कितीतरी हिंदू कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. मराठवाड्याच्या बोलीत आजही दांडगाईला 'रझाकारी' म्हणतात. हा शब्द आपल्या कानाला टोचतो. टोचू द्या. तो कोणी कारस्थान करून बनविलेला नाही, लोकांच्या अनुभवातून आलेला आहे.

तिसरी वेळ. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सैन्याने शरणागती पत्करली. राजवट संपली, हे योग्यच झाले. पण त्यानंतरच्या आठवड्यांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांवर सूड उगविला गेला. त्यांतले बहुसंख्य लोक रझाकार नव्हते. विणकर होते, टांगेवाले होते, मजूर, शिपाई, लहान शेतकरी होते. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून एक मंडळ पाहणीस आले. पंडित सुंदरलाल, उर्दूचे नामवंत लेखक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात त्यांनी संस्थानाच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत दौरा केला आणि न पाहिलेल्या १०९ गावांतल्या पाचशेंहून अधिक लोकांच्या जबान्या ऐकल्या.

आता ती तारीख आठवा. ९ डिसेंबर १९४८. पॅरिसमध्ये जगातले मुत्सद्दी वंशसंहाराच्या कराराला मान्यता देत होते, त्या दिवशी हे मंडळ हैदराबाद संस्थानात विधवांच्या जबान्या लिहून घेण्याच्या कामावर होते.

मंडळाने अत्यंत सावधपणे केलेला अंदाज असा, की कारवाईच्या काळात व तिच्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ पोहोचली ती उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. तेथे अठरा हजारांहून कमी माणसे मेली नाहीत. त्यापाठोपाठ औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक. येथे किमान पाच हजार. इतरांचे अंदाज याहून कमीही आहेत आणि कितीतरी जास्तही आहेत. हत्येखेरीज स्त्रियांवरील अत्याचार, पळवापळवी, लूट, मशिदींची विटंबना, सक्तीची धर्मांतरे, घरेजमिनी बळकावणे, हे सर्व अहवालात आहे. लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या शिस्तीची प्रशंसाही त्यात आहे, आणि काही ठिकाणी वर्दीतली माणसे लुटीत व हत्येत सामील झाल्याची नोंदही आहे. अहवाल एकतर्फी नाही. रझाकारांचे अत्याचार तो लपवीत नाही.

वंशसंहार म्हणावे काय?

हा प्रश्न तरुण मंडळी मला विचारतात. मी कायद्याचा जाणकार नाही, पण करारातील 'हेतू' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. समूह नष्ट करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. नाझींच्या बाबतीत तो कागदावर होता. रवांडात रेडिओवर होता. आपल्याकडे जे घडले ते सूड, लूट आणि द्वेष यांचे मिश्रण होते. त्यामागे संपूर्ण समाज नष्ट करण्याची योजना होती, असे म्हणण्याइतका पुरावा मला दिसलेला नाही. म्हणून मी त्याला सामूहिक कत्तल म्हणतो. शब्द मोठा केल्याने मेलेल्यांना न्याय मिळत नाही, आणि लहान केल्याने जिवंतांची सुटका होत नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडाच्या खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दाखवून दिले, की वंशसंहार हा गुन्हा आपल्या देशी फौजदारी कायद्यात आलेलाच नाही. तेव्हा हा केवळ शब्दांचा वाद नाही, कायद्यातली ही उणीव भरून काढण्याची मागणी करणे हे सर्व नागरिकांचे काम आहे.

गप्प राहण्याची किंमत

सुंदरलाल मंडळाचा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. तो दिल्लीच्या तत्कालीन नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचकांना पाहावयास मिळू लागला तो २०१३ मध्ये, म्हणजे पासष्ट वर्षांनी. त्याच वर्षी ए. जी. नूराणी यांच्या पुस्तकातूनही तो लोकांपुढे आला.

पासष्ट वर्षे म्हणजे दोन पिढ्या. सरकार गप्प, आणि घरेही गप्प. माझी दादी वर्षे आकड्यांनी मोजत नसे. "तुझ्या चाचाचा जन्म ॲक्शनच्या आधीचा, ही विहीर ॲक्शननंतरची," असे ती सांगे. पण त्या ॲक्शनमध्ये काय झाले असे विचारले, की ती तव्यावरची भाकरी उलटू लागे. आमच्या घरातल्या दोन नावांचा उच्चार ती कधी करीत नसे. त्या दोघांचे काय झाले हे मला आजही पूर्ण ठाऊक नाही, आणि आता सांगणारे कोणी उरले नाही.

अशा गप्प बसण्याने जखम भरते, असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोन अर्धवट गोष्टी तयार होतात. आपल्या घरांतली गोष्ट १३ सप्टेंबरला सुरू होते, तिच्या आधीचे वर्ष त्यात नसते. झेंडावंदनाची गोष्ट १७ सप्टेंबरला संपते, तिच्या नंतरचे तीन महिने त्यात नसतात. एका गावातली मुले एकाच शाळेत बसून वेगवेगळी अर्धी गोष्ट घरी नेतात. उरलेली अर्धी जागा मग अफवा भरते, आणि अफवा कधी मेलेल्यांची संख्या मोजण्यासाठी पसरविली जात नाही, ती पुढचे मारण्यासाठी पसरविली जाते.

शाळेने काय करावे

आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीची नामांकित वाणे दिली. मर रोगाला दाद न देणारे वाण काढावयाचे, तर शेतात ओळीओळीने फिरून किती रोपे मेली, कोणती टिकली, याची नोंद ठेवावी लागते. मेलेली रोपे उपटून बांधावर टाकली आणि काही झालेच नाही असे म्हटले, तर पुढच्या वर्षी तोच रोग येतो. ज्या गावाला तुरीची मोजदाद करता येते, त्या गावाला माणसांची मोजदाद करता आली पाहिजे.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, १९४८ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या पुढे आहेत. फार थोडे राहिले आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे वही घेऊन जावे. केवळ मुसलमान मोहल्ल्यात नव्हे, पाटलांच्या वाड्यात, दलित वस्तीत, लमाणांच्या तांड्यावरही जावे. रझाकारांनी मारलेल्याचे नाव आणि ॲक्शनमध्ये मारलेल्याचे नाव एकाच वहीत लिहावे. दोन वह्या करू नयेत. दुसरी, बदला घेण्यासाठी ही माहिती नाही, हे मुलांना आधी बजावावे. आज जिवंत असलेला कोणताही शेजारी त्या कृत्यांना जबाबदार नाही. त्याच्याकडे बोट दाखविले, तर आपणही तोच चुकीचा हिशेब मांडू. तिसरी, भाषेवर लक्ष ठेवावे. आपल्या मुलाच्या तोंडी एखाद्या समाजासाठी जनावराचे नाव आले, मग तो समाज कोणताही असो, तर त्या दिवशी गणिताचा तास बुडाला तरी चालेल, पण तो शब्द तेथेच थांबवावा.

आता त्या मुलाचे उत्तर. बाळा, तू विचारलेस, आपण कोणत्या बाजूला होतो. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा तरुण संपादक होता. 'इमरोज' हे उर्दू दैनिक तो चालवी. रझाकारांचा जुलूम थांबवावा असे सात मुस्लिम गृहस्थांनी निवेदन काढले, ते त्याने छापले, स्वतःही निर्भीडपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात मारले आणि त्याचा लिहिता हात तोडला. त्यानंतर महिन्याभरात ॲक्शन झाली. सुंदरलाल मंडळाने नोंदविले आहे, की कित्येक ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हल्लेखोरांपासून वाचविले, आणि त्यासाठी काहींनी प्राणही दिले. शेजारच्या मागावर बसणारा माणूस त्यांच्यासाठी 'त्यांच्यातला' झाला नव्हता. तो विणकरच राहिला होता.

कासीम रझवी कारावास भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानात निघून गेले. त्यांनी पेटविलेल्या आगीचे चटके येथे राहिलेल्यांनी सोसले. ते आपले नव्हेत. शोएबुल्ला खान आपला आहे, आणि ते हिंदू विणकरही आपले आहेत. ती बाजू त्या वर्षी फार लहान होती. तिच्यात माणसे कमी होती आणि त्यांतली काही मारली गेली. पण ती होती, आणि आज तिच्यात जागा आहे.

तो मुलगा या सभेत असेल, तर उशिराबद्दल त्याने मला माफ करावे. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.